वाचलेल्यांतले सर्वोत्तम पुस्तक

आजवर वाचलेल्या पुस्तकांपैकी सर्वांत चांगले पुस्तक कोणते, हा प्रश्न मराठी वाचकाला प्रथम भेटतो तो बहुधा शाळेत, ‘माझे आवडते पुस्तक’ या निबंधाच्या रूपाने. आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, दिवाळी अंकातल्या परिसंवादात किंवा प्रवासात सोबत मिळालेल्या माणसाशी चाललेल्या गप्पांत तो पुनःपुन्हा समोर येत राहतो. शाळेतला निबंध शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेल्या मुद्द्यांवर बेतलेला असतो, यात गैर काही नाही. परंतु चाळिशी ओलांडलेले, स्वतःच्या आवडीने भरपूर वाचलेले अनेक वाचकही आपली निवड सांगताना त्याच निबंधातल्या कारणांचा आधार घेतात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पुस्तकाने चांगले संस्कार केले, जगण्याची प्रेरणा दिली, मन हेलावून सोडले, अशी ती कारणे असतात. ती खोटी नसतात, पण एखादे पुस्तक पुस्तक म्हणून श्रेष्ठ का आहे, याचा उलगडा त्यांतून क्वचितच होतो.

याचे एक कारण असे की या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. सर्वांत जवळचे वाटणारे पुस्तक कोणते, आयुष्याला वळण देणारे पुस्तक कोणते आणि लेखनाच्या दृष्टीने सर्वांत श्रेष्ठ पुस्तक कोणते, या तिन्हींची उत्तरे एकच असू शकतात, पण ती एकच असावीत असा नियम नाही. स्पर्धा परीक्षेच्या काळात हाती आलेल्या एखाद्या साध्या चरित्राने एखाद्याचे आयुष्य बदलले असेल, तर त्या चरित्राचे त्याच्यावरचे ऋण खरे आहे. मात्र त्या ऋणावरून चरित्राची वाङ्मयीन योग्यता ठरत नाही. वाचक कृतज्ञतेपोटी या दोन गोष्टी एक करतो, आणि निवडीतला पहिला गोंधळ तिथेच होतो.

दुसरा गोंधळ स्मरणशक्तीमुळे होतो. माणसाला आपल्या आयुष्यातल्या घटना सर्व वयांतल्या सारख्याच प्रमाणात आठवत नाहीत; पौगंडावस्था आणि तारुण्याचा आरंभ या काळातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे शिल्लक राहतात. आठवणींचा आलेख काढला तर त्या वयापाशी तो वर चढलेला दिसतो, म्हणून या घटनेला आठवणींचा उंचवटा म्हणता येईल. स्टीव्ह यान्सेन या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आपली तीन आवडती पुस्तके, तीन चित्रपट आणि तीन ध्वनिमुद्रिका सांगायला लावल्या आणि त्या प्रत्येकाशी पहिली गाठ कधी पडली, हेही विचारले. तिन्ही प्रकारांत तरुणपणाचा उंचवटा दिसला. पण तो सर्वांत मोठा होता तो संगीताच्या बाबतीत, तर पुस्तकांच्या बाबतीत नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांकडचा ओढा अधिक होता. संशोधकांनी याचे दिलेले स्पष्टीकरण साधे आहे. गाणे माणूस असंख्य वेळा ऐकतो, चित्रपटही अनेकदा पाहतो, परंतु पुस्तक फार तर दोनतीनदा वाचतो. त्यामुळे जुन्या गाण्याची आठवण सतत ताजी होत राहते, पुस्तकाची तितकी होत नाही.

या निष्कर्षाचा अर्थ निवड करू पाहणाऱ्या वाचकाने नीट लक्षात घ्यायला हवा. त्याच्या मनातली यादी दोन्ही टोकांना झुकलेली असते, म्हणजे एकीकडे कोवळ्या वयात वाचलेली पुस्तके आणि दुसरीकडे गेल्या वर्षा-दोन वर्षांत वाचलेली पुस्तके तिच्यात दाटी करून असतात. मधल्या वीसपंचवीस वर्षांत, संसार आणि नोकरीच्या धबडग्यात वाचलेली पुस्तके मात्र, ती कितीही मोलाची असली तरी, चटकन आठवत नाहीत. शिवाय जे पुस्तक सोळाव्या वर्षी वाचले आणि नंतर कधीच उघडले नाही, त्याच्याविषयी आज दिलेला कौल हा खरे तर त्या सोळा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा कौल असतो. पन्नाशीचा वाचक तो केवळ जपून ठेवतो.

वयाचा आणि आवडीचा हा संबंध अठराव्या शतकातल्या विचारवंतांच्याही ध्यानात आला होता. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली अभिरुचीच्या मानदंडावर लिहिलेल्या निबंधात असे मांडले की विसाव्या वर्षी ओविड हा प्रेमकवी आवडता असेल, चाळिसाव्या वर्षी होरेस आणि पन्नासाव्या वर्षी कदाचित टॅसिटस हा इतिहासकार. आवडीतला हा फरक ह्यूमला स्वाभाविक आणि निर्दोष वाटत होता. मित्र निवडावा तसा आपल्या स्वभावाशी जुळणारा लेखक माणूस निवडतो, असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्याच निबंधात त्याने दुसरीही बाजू लावून धरली: नाजूक भेद ओळखणारी दृष्टी, सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्तता या गोष्टी ज्यांच्या ठायी आहेत, अशा जाणकारांचे दीर्घकाळ टिकलेले एकमत हाच श्रेष्ठतेचा पुरावा होय. आवड व्यक्तीची आणि वयाची, श्रेष्ठता मात्र अनेक वयांतून व अनेक पिढ्यांतून तावून सुलाखून निघालेली, असा हा भेद आहे, आणि पुढच्या विवेचनाला तो उपयोगी पडणारा आहे.

तिसरी अडचण सर्वांत कमी बोलली जाते, आणि खरे पाहता ती सर्वांत महत्त्वाची आहे. निवडीमागची कारणे द्यायला लागले की निवडच बदलते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना भिंतीवर लावायचे एक चित्र निवडून घरी न्यायला सांगितले. चित्रांत मोने आणि व्हॅन गॉख यांच्या चित्रांच्या प्रतिकृती होत्या, तशीच गमतीदार मजकुराची भित्तिपत्रकेही होती. ज्यांना निवडीपूर्वी आपल्या आवडीनिवडीची कारणे लिहायला लावली, त्यांच्यातल्या अधिक जणींनी गमतीदार भित्तिपत्रके निवडली. आणि तीन आठवड्यांनी विचारले तेव्हा कारणे लिहिणाऱ्या गटाचे आपल्या निवडीविषयीचे समाधान कारणे न लिहिणाऱ्यांपेक्षा कमी भरले. कारण द्यायचे म्हटले की माणूस सांगता येण्याजोग्या गुणाकडे वळतो, आणि विनोद सांगता येतो तितक्या सहजतेने रंगांची जाण सांगता येत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत हेच घडते. संदेश, बोध, प्रेरणा, विषयाचे महत्त्व आणि कथानकातली करुणा हे गुण एका वाक्यात सांगता येतात. निवेदनाचा सूर, प्रसंग कुठे थांबवावा याची जाण, स्वतःकडे पाहण्याची अलिप्तता, वाक्यांची चाल हे गुण वाचताना पदोपदी जाणवतात, पण चारचौघांत विचारले असता ते नेमके शब्दांत धरता येत नाहीत. म्हणून ज्या पुस्तकाचे थोरपण दुसऱ्या प्रकारचे असते, ते अशा निवडीत मागे पडते. हा दावा नुसता तत्त्वात मांडून चालणार नाही, म्हणून जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झालेली आणि दोन्ही गतकाळाच्या स्मरणातून उभी राहिलेली दोन मराठी पुस्तके शेजारी ठेवून तो तपासणे योग्य ठरेल: साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, बहुतांशी अवघ्या पाच दिवसांत लिहून झाले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमातला श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना असून प्रकरणांनाही ‘रात्र’ असेच म्हटले आहे. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि पुस्तक वाचनाची सवय नसलेल्या घरांतही श्याम पोहोचला. सर्वांत आवडते पुस्तक कोणते असे विचारल्यावर मराठी माणसाच्या तोंडी जी नावे अगदी प्रथम येतात, त्यांत हे नाव असते, आणि या प्रेमाला ते पुस्तक सर्वस्वी पात्र आहे.

त्यातली अळणी भाजीची गोष्ट अनेकांना तोंडपाठ असते. आईकडून भाजीत मीठ घालायचे राहून जाते, वडील त्याबद्दल एक शब्दही तक्रारीचा न काढता ती भाजी खातात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला ते कळून तिचा जीव हळहळतो. प्रसंग एवढाच आहे. तो संपल्यावर श्याम श्रोत्यांशी बोलू लागतो आणि दुसऱ्याचे मन न दुखवण्यातले मोठेपण व आपल्या चुकीची रुखरुख वाटण्यातले मोठेपण यांविषयी विचार मांडतो. दहा वर्षांच्या वाचकाला हा उलगडा हवाच असतो. त्याच्यामुळेच गोष्ट मनात घर करते आणि पुढे निबंधात उतरते. मोठेपणी तेच पुस्तक पुन्हा हाती घेणाऱ्याला मात्र बोधाच्या ओळींखालून चालत आलेली दुसरी कहाणी दिसू लागते. कोकणातले एक खातेपिते घराणे वाटण्या, कोर्टकज्जे आणि कर्ज यांत कसे खचत जाते, घरातले दागिने कसे जातात, लुगड्याला ठिगळे कशी लागतात, वसुलीला आलेल्या माणसाचे बोलणे घरच्या बाईला कसे ऐकून घ्यावे लागते आणि नवऱ्याची अब्रू सावरता सावरता ती स्वतः तापाने कशी झिजत जाते, ही ती कहाणी होय. तिच्याविषयी साने गुरुजी फारसे भाष्य करत नाहीत, आणि जिथे ते भाष्य करत नाहीत तिथेच त्यांचे लेखन सर्वांत समर्थ आहे. थोडक्यात, ‘श्यामची आई’ ज्या कारणांसाठी निवडले जाते, त्यांहून चांगली कारणे त्या पुस्तकातच आहेत. ती दिसायला ते दुसऱ्यांदा वाचावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ची वाट निराळी आहे. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर पतीच्या, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या प्रयत्नाने शिकल्या. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची जवळजवळ पाच वर्षांची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या, प्रथम आपले सोवळे वेगळे सांभाळून राहिल्या, आणि जातिभेद माणसांनी निर्माण केलेले आहेत असे स्वतःच्या विचाराने पटल्यानंतर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा देवदत्त यांच्या आग्रहावरून त्या आठवणी लिहू लागल्या. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून त्या क्रमशः आल्या आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूप झाल्या. १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा हे लेखन पुरे झालेले नव्हते.

या आयुष्याचा सारांश वाचून जो वाचक पुस्तक उघडेल, त्याची अपेक्षा दुःखाच्या कहाणीची असणार, आणि पहिल्याच पानांवर ती अपेक्षा मोडते. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना झालेली फाशी आणि तिच्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना लागलेले सोवळ्याओवळ्याचे वेड, इथून पुस्तक सुरू होते. बापाच्या त्या वेडापायी सारे घर भीतीत आणि कष्टांत जगते आहे, आई मुकाट्याने सोसते आहे, आणि तरीही हे सारे लक्ष्मीबाई अशा रीतीने सांगतात की वाचकाला हसू फुटते. त्या हसण्यात वडिलांविषयी राग नाही, त्यांची टवाळीही नाही. जे जसे घडले तसे पाहण्याची, आणि घडताना जे असह्य होते त्यातला हास्यास्पद अंशही न लपवण्याची ती दृष्टी आहे. पुढे टिळकांच्या लहरी स्वभावाचे, कोणालाही न सांगता घरातून निघून जाण्याचे आणि हातातले दुसऱ्याला देऊन टाकण्याचे किस्से येतात तेव्हाही सूर हाच राहतो. ज्या नवऱ्यापायी पाच वर्षे लोकांची बोलणी खाल्ली, त्याच्याविषयी लिहिताना बाई ना त्याला देव करतात, ना त्याच्यावर फिर्याद गुदरतात.

हे गुण एका वाक्यात सांगायचे कसे? ‘स्मृतिचित्रे’ का आवडले असे विचारले की वाचक बहुधा धर्मांतराचा इतिहास, स्त्रीजीवनाचे चित्रण किंवा टिळक आणि बालकवी या कवींच्या सहवासाची माहिती अशी विषयाची कारणे देतो, कारण तीच हाताशी असतात. प्रत्यक्षात त्या पुस्तकाचे मोठेपण विषयात कमी आणि सांगण्यात अधिक आहे. स्वतःच्या अडाणीपणाची, हट्टाची, भित्रेपणाची गोष्ट बाई इतक्या मोकळेपणाने सांगतात, की आत्मचरित्रात सहसा टाळता न येणारे दोन दोष, आत्मसमर्थन आणि आत्मदया, त्यांच्या लेखनाला शिवतही नाहीत. बोलता बोलता वाक्य पुरे व्हावे तशी त्यांची भाषा आहे. तिच्यात ग्रंथी वळणाचे शब्द कमी आणि घरातल्या व्यवहाराचे शब्द जास्त आहेत, आणि म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही.

या अनुभवाची मीमांसा करायला मराठी व संस्कृत साहित्यविचारातली दोन-तीन सूत्रे उपयोगी पडतात. काश्मीरमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ वाचकाची कल्पना मांडताना असे म्हटले की काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. म्हणजे जाण ही जन्मजात देणगी नसून वाचत राहण्याने येणारी पात्रता आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ ही संज्ञा वाङ्मयाच्या आनंदाला लावली: वाचक पात्राच्या भूमिकेशी एकरूप होतो, ही समाधी, परंतु आपण आपणच आहोत हे भानही तो सोडत नाही, म्हणून ती सविकल्प, अर्थात भेदाची जाणीव राखणारी. श्यामच्या आईच्या मृत्यूचे प्रकरण प्रथम वाचताना समाधी पूर्ण असते आणि भेद जवळजवळ उरत नाही. लक्ष्मीबाई मात्र आपल्याशी एकरूप होऊ पाहणाऱ्या वाचकाला नेमक्या वेळी हसवून पुन्हा त्याच्या जागी आणून बसवतात. केळकरांच्या सूत्राला याहून चोख उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

तिसरे सूत्र बा. सी. मर्ढेकर यांचे. ‘वाङ्मयीन महात्मता’ या १९४१ सालच्या पुस्तकात त्यांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेला मध्यवर्ती स्थान दिले. लेखकाने बाहेरच्या कुठल्याही दडपणाला, मग ते लोकमताचे असो, नीतीचे असो वा स्वतःच्या प्रतिमेचे असो, वश न होता आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहणे, असा तिचा ढोबळ अर्थ करता येईल. लक्ष्मीबाईंनी मर्ढेकर वाचण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांचे पुस्तक निदान पाच वर्षे आधीचे. तथापि नव्या धर्माची बाजू मांडण्याचे किंवा जुन्या धर्मावर सूड उगवण्याचे दडपण त्यांच्यावर किती असेल, याची कल्पना केली म्हणजे त्यांच्या आत्मनिष्ठेचे मोल कळते. सोवळ्यातल्या सासर-माहेरच्या माणसांविषयीची माया धर्मांतरानंतरच्या पानांतही तसूभर कमी होत नाही.

या सर्व कसोट्या लावल्या असता प्रस्तुत लेखाचा कौल ‘स्मृतिचित्रे’च्या बाजूने पडतो, आणि तो निःसंकोचपणे नोंदवणे योग्य होय. मराठी गद्यात ज्या थोड्या पुस्तकांना सर्वोत्तम म्हणावे, त्यांत हे पुस्तक अग्रभागी आहे. या कौलाने ‘श्यामची आई’ लहान होत नाही. एखाद्या वाचकाने नेमाडे यांची ‘कोसला’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ किंवा दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ यांची बाजू लढवली, तर तो वाद आनंदाने घालण्याजोगा आहे. अट एवढीच की वाद घालणाऱ्या दोघांनीही ती पुस्तके अलीकडे पुन्हा वाचलेली असावीत.

सामूहिक निवडींविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. नॉर्वेतल्या एका ग्रंथमंडळाने २००२ साली ५४ देशांतल्या १०० लेखकांचा कौल घेऊन जगातल्या १०० पुस्तकांची यादी केली, तेव्हा सर्वाधिक मते ‘डॉन किहोटे’ला पडली, आणि बाकीच्या पुस्तकांना मंडळाने क्रमांकच दिले नाहीत. या यादीत महाभारत, वाल्मीकिरामायण आणि कालिदासाचे शाकुंतल आहे, मराठी पुस्तक एकही नाही. याचा अर्थ मराठीत त्या तोलाचे काही नाही असा नसून, मते देणाऱ्यांपर्यंत मराठी पोहोचलेली नाही एवढाच आहे. मराठीत ‘ललित’ मासिकाने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ हा उपक्रम चालवला, त्याचा मोठा गुण हा की त्यात वर्षभरातल्या नव्या पुस्तकांपुरताच प्रश्न विचारला जाई. आठवणीच्या उंचवट्याला तिथे फारसा वाव नव्हता. सर्व काळांतले एक पुस्तक मते मोजून ठरवण्यापेक्षा हा मर्यादित प्रश्न कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

मुळात वाचकाची निवड त्याच्या हाती काय आले यावर अवलंबून असते, आणि ही बाब अशा चर्चांत नेहमी निसटते. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याच्या आधारे अनुदान मिळणारी ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत. ‘अ’ वर्गाच्या शहरी ग्रंथालयाचा सभासद आणि दोन कपाटांच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात जाणारी गावातली मुलगी यांनी सर्वोत्तम म्हणून सांगितलेली पुस्तके वेगळी निघाली, तर त्यात अभिरुचीचा वाटा किती आणि कपाटाचा किती, हे आधी पाहायला हवे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या मदतीने ग्रंथालयांचे जाळे उभारून गावोगाव फिरत्या पेट्या पाठवल्या, त्यामागची समज हीच होती की चांगले पुस्तक निवडण्याआधी ते दाराशी यावे लागते. त्या समजेची आजही तितकीच गरज आहे, आणि ज्या गावात वाचनालय बंद पडले आहे, तिथल्या मुलांना आवडत्या पुस्तकावर निबंध लिहायला सांगणे हा अन्याय आहे.

ज्याला ही निवड गंभीरपणे करायची आहे, त्याने यादी करण्यापूर्वी पुस्तके उघडावीत, हे वरच्या विवेचनातून ओघाने येते. मनात असलेली चार-पाच नावे घ्यावीत, प्रत्येक पुस्तक निदान पन्नास पाने पुन्हा वाचावे, आणि कारणे लिहून काढण्याची घाई करू नये. पुनर्वाचनात काही पुस्तके पहिल्या वीस पानांतच आपली कोवळ्या वयातली पकड गमावतात. त्यांना आवडत्यांच्या रांगेत मानाने राहू द्यावे, श्रेष्ठांच्या रांगेत ओढू नये. काही पुस्तकांत कथानक आधीच ठाऊक असूनही वाचक अडकून पडतो आणि पूर्वी नजरेतून सुटलेले पान त्याला थांबवून धरते. संसारात नुकतेच पडलेले जोडपे ‘स्मृतिचित्रे’त टिळक-लक्ष्मीबाईंची भांडणे वाचते, साहित्याचा विद्यार्थी त्यात बालकवी शोधतो, आणि उतारवयातला वाचक टिळकांच्या मृत्यूनंतरच्या पानांपाशी रेंगाळतो, तिघांनाही पुस्तक पुरते. हे पुरणे कारणांच्या यादीत बसत नाही, पण वाचताना ते ओळखू येतेच. अशा पुस्तकाचे नाव, वाचल्याचे वर्ष आणि त्या वर्षीचे मत वहीत टिपून ठेवले, तर दहा वर्षांनी तेच पुस्तक वाचताना आपल्या दोन मतांची तुलना करता येते, आणि ह्यूमने म्हटलेला वयाचा वाटा किती होता हे स्वतःच्याच अक्षरात सापडते.

‘स्मृतिचित्रे’ अनेकांनी वाचलेले असते ते शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापुरते, आणि तेवढ्यावरच पुस्तक माहीत आहे अशी समजूत होऊन बसते. उताऱ्यात प्रसंग येतो, परंतु चार भागांतून चाललेला तो सूर येऊ शकत नाही. म्हणून या कौलाशी सहमत होण्यापूर्वी किंवा तो खोडून काढण्यापूर्वी ग्रंथालयातून संपूर्ण आवृत्ती मागून घ्यावी, आणि सोबत ‘श्यामची आई’ही.